बीपी सगळ्यात शेवटी पडतं : ईएमटीच्या कोर्सचं एक वर्ष

सर्टिफिकेट नोव्हेंबर 2025 मध्ये हातात आलं. ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, ॲम्ब्युलन्समध्ये पेशंटच्या उशाशी बसणारं माणूस. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या जांबोटी भागात अजून कुणी मला नर्स म्हणतं, कुणी थेट डॉक्टरीणबाई. दोन्ही नाही, पण प्रत्येकाला थांबवून कुठं सांगत बसायचं? मात्र खानापूर, निपाणी, चंदगड बाजूच्या मुलामुलींचे प्रश्न सारखे येतात. मराठी शाळेत शिकलोय, पुस्तकं इंग्लिश, शिकवणं कन्नड-इंग्लिश, झेपेल का? खर्च किती? रात्रपाळीला घरचे सोडतील का? म्हणून झालं तसं क्रमानं लिहितेय.

पीयूसी, म्हणजे बारावी सायन्स झाल्यावर मी खानापुरात एका मेडिकल दुकानात बसत होते. औषधांची नावं तोंडपाठ, ती शरीरात जाऊन करतात काय ते अर्धवट. मे 2024 मध्ये बेळगावातल्या एका संस्थेची जाहिरात बघितली. एक वर्षाचा कोर्स, बारावी पास, फी 42 हजार, दोन हप्त्यांत.

फी भरायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या. मान्यता कुणाची, पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलात आणि किती तासांचं, आणि ॲम्ब्युलन्सवर खरंच पाठवणार की नुसते व्हिडिओ दाखवणार. केंद्रानं 2021 मध्ये अलाइड हेल्थकेअरवाल्यांसाठी, म्हणजे टेक्निशियन वगैरेंसाठी, वेगळा कायदा केलाय, त्यामुळे मान्यतेचं सगळं हळूहळू बदलतंय. "मान्यता आहे की ओ मॅडम" एवढ्यावर पैसे सोडू नका, कागद मागा. आणि आपल्याकडं 108 च्या गाडीवर मागं बहुतेक स्टाफ नर्सच दिसतात. हा कोर्स केला की थेट तिथं लागलो, असं धरून चालू नका. खासगी हॉस्पिटलच्या गाड्या, साखर कारखाने, हायवेवरच्या टोलनाक्यांच्या ॲम्ब्युलन्स, इकडं जागा निघतात.

जून कागदांत गेला. एसएसएलसीचं (दहावीचं) आणि पीयूसीचं मार्क्स कार्ड, टीसी, आधार, फिटनेस सर्टिफिकेट, आणि फीच्या सवलतीसाठी नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कचेरीतून, जात-उत्पन्नाचा दाखला. दाखल्यावरचा आरडी नंबर वेगळा लिहून ठेवा, पुढं प्रत्येक ऑनलाइन फॉर्मात तोच विचारतात. माझं घोडं नावावर अडलं. मार्क्स कार्डावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन्हीकडं वेगळं. मराठी नाव कन्नडमधून इंग्लिशमध्ये जाताना असं होतंच, आमच्या वर्गातल्या निम्म्या जणांचं झालं होतं. खानापुरात कोर्टासमोर बाँडवर ॲफिडेव्हिट करून घेतलं, तीनशे रुपये. हे फॉर्मच्या आधी करून टाका.

बाकीचा खर्च असा : दोन ॲप्रन सातशे, स्टेथोस्कोप साडेआठशे, हातानं पंप करायचं बीपी मशीन तेराशे, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नऊशे, पुस्तकांच्या झेरॉक्स सहाशे. हेपॅटायटिस-बीची लस तीन डोसची : पहिला, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. प्रवासाचा खर्च मात्र शून्य. जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट आहे. आधार दाखवायचं आणि शून्य रुपयाचं तिकीट घ्यायचं. वर्गातल्या महाराष्ट्रातल्या चंदगडच्या मैत्रिणीला हद्दीपर्यंत अर्धं तिकीट आणि पुढं पूर्ण पडायचं. ती रोज माझ्या नावानं बोटं मोडत वर्गात शिरायची.

वर्ग, जुलै ते नोव्हेंबर 2024

पहिले दोन आठवडे वाईट गेले. हाडांची नावं, स्नायूंची नावं, टॅकी-ब्रॅडी, हायपर-हायपो. मॅडम धारवाडकडच्या, शिकवायच्या कन्नड-इंग्लिश मिसळून. मी देवनागरीत लिहीत गेले, स्पेलिंग नंतर घरी पुस्तकात बघून. वही कुणाला दाखवायची नसते, त्यामुळे कशीही लिहा, पण तासालाच लिहा.

माझं गाडं रुळावर आलं ते रक्ताभिसरणाच्या धड्याला. मॅडमनी फळ्यावर दोनच आकडे लिहिले. हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिली रक्त ढकलतं आणि मिनिटाला सत्तरेक ठोके पडतात. गुणाकार केला की पाच लिटरच्या आसपास. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तही तेवढंच, पाच लिटर. म्हणजे सगळं रक्त मिनिटाभरात अख्ख्या शरीराची एक फेरी मारून येतं. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हे पाठ करायचं प्रकरण नव्हे, हे समजण्यासारखं आहे. असंच श्वासाचं. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, आपण सोडलेल्या श्वासातही 16 टक्क्यांच्या आसपास उरतो, म्हणून तोंडानं दिलेल्या श्वासावर दुसरा माणूस तगतो. आणि ऑक्सिजन थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, म्हणून सगळी घाई.

मग वहीच्या पहिल्या पानावर मी तीन प्रश्न लिहिले : हवा आत जाते का, रक्त फिरतं का, मेंदू जागा आहे का. पुढं जे जे शिकवलं ते यातल्या कुठल्यातरी प्रश्नाखाली बसत गेलं. ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे पेशंट किती शुद्धीत आहे त्याचे मार्क, तिसऱ्याखाली : डोळे 4, बोलणं 5, हालचाल 6, एकूण 15, आणि कमीत कमी 3, शून्य कधीच नाही. हे स्केल 1974 चं, ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी काढलेलं. परीक्षेत हमखास येतं.

शॉक म्हणजे "धक्का बसला" नव्हे, पेशींपर्यंत पुरेसं रक्त न पोचणं. शेतकऱ्यांच्या पोरांना हे पटकन कळतं : मोटर बिघडली, विहिरीत पाणी उरलं नाही, किंवा पाइप फुगून सैल पडला, तिन्ही वेळी शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. शरीरात त्याच क्रमानं हृदयविकार, रक्तस्राव, आणि जंतुसंसर्ग किंवा मोठी ॲलर्जी. निपाणीकडच्या एका मुलानं हे ऐकून "मग डिझेल कुठलं मॅडम?" असं विचारलं आणि मॅडमनी ग्लुकोज म्हणून सांगितलं.

त्याच मुलाचा आणखी एक किस्सा. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "उद्या सीपीआर." निपाणीकडचे तिघं एकमेकांकडं बघायला लागले, कोल्हापूरला कशाला न्यायलेत म्हणून. त्यांच्याकडं सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय.

खरा सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर दाब आणि तोंडानं श्वास, पुतळ्यावर शिकलो. मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली पाच ते सहा सेंटिमीटर, 30 दाबांना 2 श्वास, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वर येताना हृदय भरतं, भरलंच नाही तर पुढच्या दाबाला ढकलणार काय? दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. दमलेला माणूस "मी ठीक आहे" म्हणत असतो आणि दाब उथळ होत जातो, त्याला स्वतःला ते कळत नाही.

घरी सराव आजीवर. नाडी, बीपी, श्वास. श्वास मोजताना सांगायचं नाही. सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. नाडी मोजल्यासारखं मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20, नाडी 60 ते 100. आजीची नाडी अनियमित लागायची, अशा वेळी पूर्ण एक मिनिट मोजायची. हे मॅडमना सांगितल्यावर त्या म्हणाल्या ईसीजी काढून घे, आणि त्यातून आजीचं वेगळंच रामायण सुरू झालं. ते इथं नको. आता गोळ्या चालू आहेत.

कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग), डिसेंबर 2024 ते फेब्रुवारी 2025

पोस्टिंगआधी घरात चर्चा झाली ती रात्रपाळीची. आई गप्प, काका बोलत होते. शेवटी बेळगावच्या शहापुरात आत्याकडं राहायचं ठरलं आणि आत्याच्या मालकांनी सकाळी आणायला यायचं कबूल केलं. ते शेवटपर्यंत आले, एकदाही कुरकुर न करता.

पहिल्या आठवड्यात मला जेवण जात नव्हतं. रक्तानं नव्हे, वासानं आणि आवाजानं. नातेवाइकांचा हंबरडा. हे कमी होतं, पण पूर्ण जात नाही. सोबतच्या माणसाशी बोला. आमच्या सिस्टर ड्यूटी संपल्यावर प्रत्येकीला विचारायच्या, "काय बघितलंस आज?" आणि ऐकून घ्यायच्या.

आता शीर्षकातल्या गोष्टीकडं येते, कारण माझ्या मते अख्ख्या कोर्सचा गाभा हाच.

जानेवारी, उसाचा हंगाम. हायवेला आणि आतल्या रस्त्यांवर रात्री ट्रॉल्यांच्या रांगा, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. रात्री साडेअकराला एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आला. मोटारसायकल उभ्या ट्रॉलीवर गेलेली. रक्त फारसं दिसत नव्हतं, गुडघा खरचटलेला. स्वतः बोलत होता, भावाला गाडीचं काय झालं विचारत होता. बीपी 116/84. कागदावर बघितलं तर माझ्यापेक्षा चांगलं. नाडी 128, श्वास 26.

सिस्टरनी माझा हात धरला आणि त्याच्या मनगटावर ठेवला. थंड, ओलसर. मग तोच हात वर सरकवत कोपरापर्यंत नेला. "कुठपर्यंत गार आहे बघ." कोपराच्या जरा खाली ऊब सुरू होत होती. नख दाबून सोडलं, पांढरं झालेलं परत गुलाबी व्हायला दोन सेकंदांपेक्षा स्पष्ट जास्त वेळ लागला. तेवढ्यात त्यानं पाणी मागितलं. थोड्या वेळानं पुन्हा मागितलं. भाऊ बाटली काढायला लागला, ती सिस्टरनी बाजूला ठेवायला लावली. अशा पेशंटला तोंडावाटे काही द्यायचं नसतं, ऑपरेशनला न्यावं लागलं तर पोट रिकामं हवं.

पाच मिनिटांनी बीपी 104/82, नाडी 136. वरचा आकडा अजूनही "नॉर्मल"च, पण दोन्ही आकड्यांमधलं अंतर बत्तीसवरून बावीसवर आलं होतं. शरीर रक्तवाहिन्या आवळून, हृदय पळवून दाब टिकवून धरत होतं. तरुण माणसाचं शरीर हे फार चांगलं करतं, आणि तिथंच फसगत. अंगातलं तीसेक टक्के रक्त, म्हणजे दीड लिटर, जाईपर्यंत बीपी उभं राहू शकतं, आणि मग एकदम कोसळतं. त्याआधी नाडी बोलते, श्वास बोलतो, कातडी बोलते, तहान बोलते. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसलं. वर ऑपरेशन थिएटरला नेलं. पुढं त्याचं काय झालं ते मला कळलं नाही. पोस्टिंगवर बहुतेकांचं कळत नाही, याची सवय करून घ्यावी लागते.

त्या रात्रीनंतर मी एकटा आकडा लिहायचं सोडलं. वेळ लिहायची, आकडा लिहायचा, पाच मिनिटांनी पुन्हा वेळ, पुन्हा आकडा. गंभीर पेशंटचं दर पाच मिनिटांनी, स्थिर असेल तर पंधरा मिनिटांनी, असं पुस्तकातही आहे. पुस्तकात ते एका ओळीत उरकलंय, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही.

कॅज्युअल्टीत भाषा चार. खानापूरकडचा म्हातारा मराठीत, गोकाककडचा कन्नडमध्ये, हायवेवरचा ट्रक ड्रायव्हर हिंदीत, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्लिशमध्ये. कन्नड येत नाही म्हणून लाजू नका, पण पाच-सहा वाक्यं पहिल्याच महिन्यात पाठ करा. एल्लि नोवु ऐतरी, कुठं दुखतंय. उसिरु तगोरी, श्वास घ्या. कण्णु तेगीरि, डोळे उघडा. शुगर ऐतेन्री. "री" लावायला विसरू नका, समोरचा वडीलधारा असतो.

आणि "गॅस" ऐकलात की सावध व्हा. छातीत जड वाटतंय, दरदरून घाम, जबडा किंवा डावा हात भरून आलाय, आणि घरचे म्हणतात काल वडा खाल्ला, गॅस झालाय. त्यात शुगरवाल्यांना आणि बायकांना छातीत दुखेलच असं नाही, नुसती धाप, नुसता थकवा, मळमळ. आमच्या सिस्टरांचा नियम होता : गॅस की काय ते ईसीजी सांगेल, दहा मिनिटांच्या आत काढा. तसंच "दारू प्यालाय, सोडा त्याला" हेही. वास येत असला तरी ग्लुकोमीटरची सुई टोचायचीच. शुगर 70 च्या खाली गेलेला माणूस असाच बरळतो, लटपटतो, मारायला उठतो.

कचऱ्याच्या बादल्यांवरून ओरडा बसतो तो बसतोच : पिवळी रक्ताळलेल्या कापसाला, लाल प्लास्टिकच्या नळ्यांना, पांढरा टणक डबा सुयांना, निळी काचेला. सुई टोचलीच तर लपवू नका, लगेच सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं पहिल्या काही तासांत सुरू झाली तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग राहत नाही.

गाडीवर, एप्रिल ते जून 2025

गाडी चालवणाऱ्याला पायलट म्हणतात. आमचे पायलट अण्णा खानापूर तालुका कोळून प्यालेले. कुठल्या वाडीला गाडी कुठपर्यंत जाते आणि कुठून पुढं स्ट्रेचर खांद्यावर घ्यावं लागतं, सगळं डोक्यात. त्यांचं एक गाऱ्हाणं मी तुमच्यापर्यंत पोचवते : फोन करणारे "लवकर या" एवढंच ओरडतात. आधी गाव सांगा, मग जवळची खूण, मग काय झालंय, आणि फोन कट करू नका.

वर्गात शिकलेलं बरंच गाडीत बदलतं. धावत्या गाडीत स्टेथोस्कोपमधून काही ऐकू येत नाही. खानापूर ते बेळगाव 26 किलोमीटर, त्यात खड्डे आले की कानात नुसता धडधडाट. तिथं बोटानं बीपी घ्यायचं. मनगटाची नाडी धरून पट्टा फुगवायचा, हळूहळू हवा सोडायची, नाडी परत लागली तो वरचा आकडा. खालचा मिळत नाही, मिळाल्यासारखा लिहू नका. ऑक्सिमीटरही थंड बोटावर, नेलपॉलिशवर भलतंच दाखवतो. आणि ऑक्सिजनचा हिशोब निघण्याआधी करायचा. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर असतो. मिनिटाला दहा लिटर लावला तर अडीच तास. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास, आणि पावसात रस्त्यावर झाड पडलेलं असलं तर?

जूनच्या शेवटी पहाटेचा कॉल. चाळिशीचा माणूस, पोटात दुखतंय म्हणून. उलटी नाही, ताप नाही. डोळे अर्धवट मिटलेले, बायको म्हणाली रात्रभर झोप नाही म्हणून तसं. सोबतच्या स्टाफ नर्सनी विचारलं, "वहिनी, हे झोपले कुठं होते?" जमिनीवर, पडवीत. मग त्यांनी त्याला वर बघायला सांगितलं. डोळे वर गेले, पापण्या गेल्या नाहीत. थुंकी गिळताना अडकत होती.

मण्यार. चावल्याचं दुखत नाही, सूज येत नाही, खूण बऱ्याचदा सापडतच नाही. पोटात कळ आणि पापण्या जड, एवढ्यावर ओळखायचं. आपल्याकडचे बाकीचे तीन मुख्य विषारी साप म्हणजे नाग, घोणस आणि फुरसं. घोणस आणि फुरसं रक्त गोठण्यावर जातात, नाग आणि मण्यार मज्जातंतूंवर. मण्यारच्या विषानं श्वासाचे स्नायू एकेक करून थकत जातात, आणि हे मिनिटांत नाही, तासांत होतं. म्हणून पेशंट सुरुवातीला बरा वाटतो.

नर्स म्हणाल्या, "दादा, एक मोठा श्वास घ्या आणि एका दमात एक, दोन, तीन म्हणत जा." तो अठरापर्यंत गेला. मी वेळ आणि आकडा लिहिला. दहा मिनिटांनी पुन्हा म्हणायला लावलं, पंधरा. बेळगावच्या अलीकडं, अकरा. ऑक्सिमीटर तेव्हाही 96 दाखवत होता. डाव्या कुशीवर झोपवलेला, थुंकी ओढून काढायचं सक्शन हाताशी, हातानं दाबून श्वास द्यायचा बॅग-मास्क जोडून तयार, आणि फोनवरून हॉस्पिटलला कळवलेलं की सर्पदंश, श्वास कमी होत चाललाय, व्हेंटिलेटर लागेल. आत पोचल्यावर डॉक्टरांनी माझ्या कागदावरचे तीन आकडे बघितले, दुसरं काही विचारलं नाही, आणि सर्पविषावरचं प्रतिविष आणि श्वासनळीत नळी घालायची तयारी एकदमच सुरू केली. हा माणूस वाचला. आठवड्यानं नर्सनी फोन करून सांगितलं.

घरच्यांनी करायचं एवढंच : चावलेला भाग हलू न देता लवकर हॉस्पिटल. कापू नका, चोखू नका, आवळून दोरी बांधू नका. कुणी आधीच बांधली असेल तर वाटेत एकदम सोडू नका, हॉस्पिटलात डॉक्टरांसमोरच सोडायची. मांत्रिकाकडं गेलेला तास परत मिळत नाही. 2024 मध्ये कर्नाटकानं सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणं सक्तीचं केलंय, तेव्हा हॉस्पिटलात जास्त माहिती विचारली तर वैतागू नका.

परीक्षा आणि नंतरची वाट

ऑगस्ट 2025 मध्ये लेखी, आणि त्याच आठवड्यात प्रात्यक्षिक. लेखीला बहुपर्यायी प्रश्न, इंग्लिशमध्ये, पण भाषा साधी. प्रात्यक्षिकात टेबलं मांडलेली असतात, प्रत्येकावर एक काम आणि घड्याळ. माझ्या वाट्याला घशात घालायची नळी आली होती. तोंडाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत माप घ्यायचं, आणि पेशंटला उमासा येत असेल तर घालायचीच नाही. करताना मोठ्यानं बोलत राहा, मनात केलेल्याला मार्क नाहीत. आणि कुठल्याही टेबलावर पहिलं वाक्य "जागा सुरक्षित आहे, मी ग्लोव्हज घातलेत" हेच. एका परीक्षकांनी तोंडीत विचारलं, "बीपी नॉर्मल आहे, मग तुला घाई कसली?" मी जानेवारीतली ती रात्र सांगितली, आकड्यांसकट. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

निकाल सप्टेंबरच्या शेवटी. सर्टिफिकेट ऑक्टोबरात आलं ते आडनाव चुकीचं छापून, ॲफिडेव्हिट जोडलेलं असताना. परत पाठवलं, कुणी फोन उचलेना, शेवटी मेल केला, सोबत मार्क्स कार्ड आणि ॲफिडेव्हिट स्कॅन करून. दुरुस्त प्रत नोव्हेंबरात आली. सगळं मेलवर करा, तारीख राहते.

पोलिस व्हेरिफिकेशन नोकरीच्या वेळी लागतं. कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू वेबसाइटवरून अर्ज करता येतो, निकालाची वाट बघतानाच करून ठेवा. मी सध्या एका खासगी हॉस्पिटलच्या गाडीवर आहे, आठवड्यातून तीन रात्री. पगार सांगण्यासारखा नाही, पण वेळेवर होतो. चंदगडची मैत्रीण कारखान्यावर लागली, हंगामापुरती.

बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट) सर्टिफिकेट वेगळं घ्यावं लागलं, तीन हजार रुपये आणि एक दिवस. जाहिरातींत बऱ्याच ठिकाणी तेच मागतात. ते दोन वर्षांनी संपतं, तेव्हा तारीख बघून ठेवा. आणि हेपॅटायटिसचा पहिला डोस फॉर्म भराल त्याच महिन्यात घ्या. आमच्यातल्या दोघांचा तिसरा डोस राहिला होता म्हणून त्यांना कॅज्युअल्टीत उशिरा घेतलं, आणि त्यांचा उसाचा हंगाम निघून गेला.